न्यूट्रॉन ताऱ्याचे एक्स-रे सेकंदात हजारदा कमीजास्त होतात, हे खरं की यंत्राचा घोळ?

खरं आहे भाऊ. मी नागपूरला एमएस्सी करताना प्रोजेक्टला अ‍ॅस्ट्रोसॅट या भारताच्या दुर्बीण-उपग्रहाचा डेटा घेतला होता, तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेला नाही, आता दारव्ह्याकडे गावात राहतो तरी.

तुम्ही समजता तसा बहुतेक वेळा तारा स्वतः लुकलुकत नाही. शेजारच्या ताऱ्यावरून ओढलेला गॅस सरळ खाली पडत नाही, चकतीसारखा गोल फिरत फिरत आत सरकतो आणि इतका तापतो की एक्स-रे सोडतो. न्यूट्रॉन तारा (मोठा तारा मेल्यावर उरलेला घट्ट गोळा) रुंदीला २०-२५ किलोमीटर, म्हणजे आमच्या गावापासून तालुक्याच्या बसस्टँडपर्यंत, आणि वजन सूर्याच्या दीडपटीच्या आसपास! अकरावीच्या, ग्रह-उपग्रहाच्या फेरीच्या सूत्रात १.४ सूर्य टाकून पहा, केंद्रापासून २० किलोमीटरवर सेकंदाला साधारण ७७० फेऱ्या येतात, १५ वर ११८०. मोजलेले आकडेही याच पट्ट्यात आहेत, म्हणून मला तरी चकतीच्या आतल्या काठाचं फिरणंच पटतं.

यंत्राचा घोळ म्हणाल तर १९९६ मध्ये नासाच्या आरएक्सटीई उपग्रहाला हे स्को एक्स-१ नावाच्या अशाच न्यूट्रॉन ताऱ्याच्या जोडीत दिसलं, आणि पुढे आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या लॅक्सपीसी या एक्स-रे मोजणाऱ्या यंत्रालाही (मुंबईच्या टीआयएफआर संशोधन संस्थेत बनलेलं) दुसऱ्या एका जोडीत असंच दिसलं. एकेक झपकी सुटी दिसत नाही, एकेका फोटॉनच्या (प्रकाशकणाच्या) येण्याच्या वेळा लिहून घेतात आणि कॉम्प्युटर त्यातून कोणता ठेका जास्त आहे ते काढतो.

आता सोयाबीनचं थ्रेशर आठवा, घरात बसून नुसत्या आवाजावरून समजते का कोणी मोठी पेंढी घातली, आवाज दबतो. इथे नेमकं उलटं, माल जास्त आला की चकतीचा काठ आत दाबला जातो, फेरी लहान होते आणि ठेका चढतो. म्हणूनच ठेका एका आकड्यावर टिकत नाही, सरकत राहतो. पण गंमत अशी का काही तास हा हिशोब बरोबर चालतो आणि दुसऱ्या दिवशी उजेड तेवढाच असून ठेका वेगळा निघतो, म्हणजे नुसत्या उजेडावरून माल किती येऊन राहिला ते ठरवता येत नाही. मी यावर दोन महिने घातले होते.

खरंच तारा लुकलुकतो असंही एक उदाहरण आहे, १९९८ चं, सॅक्स जे१८०८ नावाचा न्यूट्रॉन तारा, सेकंदाला ४०१ वेळा. ते त्याचं स्वतःभोवती फिरणं, त्यामुळे आकडा जवळपास हलत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र करू नका.

मे महिन्यात अंगणात खाट टाकली की दक्षिणेला वृश्चिकातली लाल ज्येष्ठा दिसते. हात लांब करून मूठ धरा, ज्येष्ठाच्या उत्तरेला एक मूठभर अंतरावर स्को एक्स-१ आहे, डोळ्याला दिसणार नाही पण जागा तीच.