घरीच पेशंट सांभाळणाऱ्या कुटुंबांसाठी संस्थेनं रेस्पाइट केअर कशी सुरू करावी?

तुमची संस्था तालुक्याच्या गावी ज्येष्ठांसाठी काम करते आणि आता अंथरुणाला खिळलेल्या किंवा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या लोकांसाठी १० खाटांचं केंद्र बांधायचं ठरतंय, म्हणजे घरच्यांना थोडा विसावा, म्हणजेच रेस्पाइट, मिळेल, असं तुम्ही लिहिलंय. अशा सेवा उभ्या करणाऱ्या संस्थांबरोबर मी काम करते. माझं कळकळीचं सांगणं आहे, इमारत आत्ता नको. आधी आठवड्यातून एक दुपार घरी जाऊन बसणारी माणसं तयार करा.

सासूबाईंना पंधरा दिवस केंद्रात ठेवायचं म्हटलं की सुनेला नणंदा आठवतात, शेजारी आठवतात. ती येत नाही, खाटा रिकाम्या राहतात आणि गावात गरजच नाही असं समजून सेवा बंद होते. तीच सून, ‘मंगळवारी दोन ते पाच मावशी येऊन बसतील, तुम्ही स्वतःच्या डॉक्टरकडे जाऊन या, नाहीतर झोपा’ म्हटलं की हो म्हणते.

वार ठरलेला हवा आणि मावशी त्याच हव्यात. डिमेन्शियात दर वेळी नवा चेहरा दिसला की पेशंट बिथरतो, मग सुनेचा पाय घराबाहेर निघत नाही. पहिल्या दोन-तीन भेटींत तिनं घरातच थांबावं आणि मावशींनी बघून घ्यावं: घास केवढा द्यायचा, पाण्यानं ठसका लागतो का, कूस कशी वळवायची, संध्याकाळी अस्वस्थ झाल्या तर कुठलं भजन लावायचं. हे सगळं एका वहीत लिहून वही त्या घरातच ठेवा. बदलीच्या मावशींचीही ओळख आधीच करून द्या. ‘आज कुणी येणार नाही’ असा फोन ऐनवेळी गेला की ते घर पुन्हा तुमच्यावर विसंबत नाही.

स्वयंसेवक गप्पा मारायला, औषधं आणायला उत्तम. डायपर बदलणं, खाटेवरून खुर्चीत घेणं हे मात्र शिकवलेल्या, पगारी माणसाचं काम आहे, आणि त्या पगाराची तरतूद पहिल्या दिवसापासून हवी. पुढे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी काम वाढवलंत, तर १९९९च्या कायद्यानं स्थापन झालेल्या, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी करा. तात्पुरत्या निवासासाठी ‘समर्थ’ ही योजना त्यांनीच आखली. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात, कलम २४मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात त्याचा पाठपुरावा जरूर करा.

काळजी घेणाऱ्यांच्या आधारगटाचंही तुम्ही विचारलंय. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारावर काम करणाऱ्या पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये काळजी घेणाऱ्या नातेवाइकांना शुभंकर म्हणतात. त्यांच्या गटाचं काम एकदा समजून घ्या. पण सगळ्यात थकलेला शुभंकर सभेला येऊच शकत नाही, कारण पेशंटजवळ दुसरं कुणी नसतं. म्हणून सभा ज्या दुपारी ठेवाल, त्याच दुपारी त्या घरी मावशींना पाठवा.