पणजोबांचे पदक आणि महाराजांचे जहाज

प्रश्न : माझे पणजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या पलटणीतून १९१४ साली पूर्व आफ्रिकेत टांगा येथे लढले आणि महाराजांच्या जहाजातून तिकडे गेले, असे घरात सांगतात. त्यांचे चांदीचे पदक आमच्याकडे आहे; पण युद्धस्मारकांच्या याद्यांत नाव मिळत नाही. पडताळणी कशी करावी?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : यादीत नाव नाही एवढ्यावरून घरची आठवण खोटी ठरत नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी मृतांच्या आहेत. जिवंत परतलेला शिपाई त्यांत सापडणारच नाही. महायुद्धाच्या सार्वजनिक स्मृतीत परतलेल्यांना इतकी थोडी जागा मिळाली, याची मला मनापासून खंत वाटते. मृतांचीही नोंद पुरती नाही : आफ्रिकी, हिंदी व अन्य वसाहतींतील किमान १,१६,००० मृतांचे नावानिशी स्मारक झाले नाही, असे आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात म्हटले आहे.

ग्वाल्हेरच्या तिसऱ्या पलटणीची तुकडी नोव्हेंबर १९१४ मध्ये टांग्याला होती, त्यामुळे आठवणीचा तो भाग इतिहासाशी जुळतो. जहाजाचा भाग जुळत नाही. ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांच्या पुढाकाराने घेतलेल्या ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या जहाजाचे ‘लॉयल्टी’ असे नामकरण जानेवारी १९१५ मध्ये झाले, म्हणजे टांग्याची लढाई होऊन गेल्यावर. शिवाय ते रुग्णालय-जहाज होते आणि अशा जहाजाचा लष्करी कामासाठी वापर हेग कराराने निषिद्ध होता. पणजोबा जखमी किंवा आजारी होऊन त्यातून परतले असतील आणि पुढच्या पिढ्यांच्या सांगण्यात परतीचा प्रवास जाण्याचा झाला असेल, ही शक्यता मात्र खुली राहते. (हेच जहाज सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे पाठवले, त्या तारखेला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो.)

पदकाला उजळा मुळीच देऊ नका, कारण घासल्याने अक्षरे झिजतात. एका बाजूस पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूस घोडेस्वार व १९१४–१९१८ ही साले असतील, तर ते ब्रिटिश युद्धपदक आहे, आणि त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. भिंगाखाली तिरप्या उजेडात ती वाचा. तिसऱ्या पलटणीऐवजी चौथी निघाली, तर ती सुएझ कालव्यावर असल्याने शोध टांग्याकडून तिकडे वळवावा लागेल.

त्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील परराष्ट्र व राजकीय विभागाच्या फायली ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर पलटणीच्या नावाने शोधा. घरात निवृत्तिवेतनाचे किंवा इनामाचे मोडी कागद असतील, तर ते जाणकाराकडून आधी वाचून घ्या. संस्थानी शिपायाचा पगार आणि निवृत्तिवेतन दरबाराकडून होत असल्याने त्याचा माग इंग्रजी दप्तरापेक्षा अशा दरबारी कागदांत लागण्याचा संभव अधिक आहे.