तेलातलं शिसं घरी कळतं का?

प्रश्न: आम्ही लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल वापरतो, दुकानातून स्टीलच्या किटलीत सुटं आणतो. सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आलाय की तेल फ्रीजमध्ये ठेवलं की खाली जो साका बसतो तो शिसं नि आर्सेनिकचा. खरंय का? घरी टेस्ट होते का?
– एक वाचिका, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: ताई, तो साका धातूचा नाही हो. गारठ्यात तेलातली चरबी गोठते, शिवाय घाण्याच्या तेलात दाण्याचा बारीक चोथा राहतो, तो तळाशी बसतो. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची, मर्यादाच बघा ना, किलोभर तेलात शिसं 0.08 मिलिग्रॅम आणि आर्सेनिक 0.1, एवढंसं डोळ्याला काय दिसणार, वासही येत नाही आणि तेल कितीही कडकडीत तापवलं तरी ते उडून जात नाही.

म्हणजे लॅबच लागते. तिथे जेमतेम अर्धा ग्रॅम तेल बंद भांड्यात नायट्रिक ॲसिड घालून मायक्रोवेव्हमध्ये तापवतात, सगळा स्निग्धांश जळून पाण्यासारखं नितळ द्रावण उरलं की मग ते आयसीपी-एमएस मशीनवर, म्हणजे अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर, जातं. तेल ॲसिडमध्ये असं विरघळवणं अर्धवट झालं तर आकडा चुकतो, म्हणून एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेलीच लॅब बघा आणि तिच्या मान्यतेत खाद्यतेलातले धातू आहेत ना ते आधी विचारा. सॅम्पल लॅबने दिलेल्या बाटलीतच द्या, घरच्या पितळी डब्यातलं नको.

रिपोर्टमध्ये नुसतं 'आढळलं नाही' वाचून खूश होऊ नका! शेजारी एलओक्यू लिहिलेलं असतं, म्हणजे कमीत कमी किती मोजता येतं ते. तोच 0.5 असेल तर 0.08 ची मर्यादा ओलांडली की नाही हे त्या कागदावरून कळणारच नाही, आणि असे रिपोर्ट दुकानात फ्रेम करून लावलेले असतात याचा मला खरंच राग येतो.

अन्नसुरक्षा कायदा 2006 च्या कलम 40 प्रमाणे ग्राहकाला फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, फक्त तेल घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं, आणि माल कायद्यात बसला नाही तर फी परत मिळते. पण रिपोर्ट नेमका कोणत्या मालाचा हे बॅच नंबरवरून कळतं, आणि सुट्या तेलाचा बॅच नंबर कुठून आणणार? मुळात सुटं तेल विकायला कायद्याने मनाईच आहे, तेव्हा किटली बंद करा, सीलबंद बाटली घ्या आणि त्याच बॅचचा रिपोर्ट मागा.