तार षड्जाला गळा आवळतो, मग खर्ज कशासाठी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: दोन वर्षं शिकताय, पट्टी काळी पाच (म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा तुमचा सा), मध्य सप्तकात आवाज मोकळा लागतो, पण तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) आला की गळा आवळतो आणि तार गंधाराला (त्याच सप्तकातल्या ग ला) तर ओरडल्यासारखं होतं. गुरुजी म्हणतात पहाटे तासभर खर्ज लावा, म्हणजे मंद्र (खालच्या) सप्तकातले स्वर लांबवून धरा. व्हिडिओवाले म्हणतात पोटातून गा. यात विज्ञान कुठलं आणि परंपरा कुठली?

मी तीस वर्षं गातेय, त्यातली वीस शिकवतेय, आणि मधली दीड-दोन वर्षं जवळपास मुकी होते. ते पुढे सांगते. आधी कामाचं. तुमच्या गळ्यात ताकद कमी नाही. वर जाताना तुम्ही नको तिथे ताकद लावताय, एवढंच.

‘स्वरतंतू’ या शब्दाने आपला घोटाळा केलाय. तंतू म्हटलं की सतारीची तार डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात त्या दोन घड्या आहेत. आत स्नायू, त्यावर जेलीसारखा मऊ थर, त्यावर पातळ त्वचा. बायकांमध्ये त्यांची लांबी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, पुरुषांमध्ये दोनच्या आसपास. खालून हवा आली की त्या उघडतात, स्वतःच्या लवचिकपणामुळे आणि हवेच्या ओढीने पुन्हा मिटतात. दर वेळी मेंदू ‘उघड, मीट’ असा निरोप पाठवत नाही. १९५०च्या दशकात फ्रान्समध्ये राऊल ह्युसाँ हे संशोधक तसं म्हणत होते, पण १९५८मध्ये दुसरे संशोधक व्हॅन डेन बर्ग यांनी हवा आणि लवचिकपणाचा जो हिशेब मांडला तोच पुढे टिकला. काळी पाचचा तार षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण ४६६ कंपनं. मिनिटभर तो धरलात तर या दोन घड्या एकमेकींवर अठ्ठावीस हजार वेळा आपटतात. त्या हळुवार आपटतात की दणादण, यावर पुढची सगळी गोष्ट अवलंबून आहे.

(जिवंत माणसाचा गाता गळा आत कसा दिसतो हे पहिल्यांदा नीट पाहून सांगितलं ते एका गाण्याच्या मास्तरांनी. मान्युएल गार्सिया. १८५४मध्ये दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा आणि ऊन एवढ्या सामग्रीवर त्यांनी स्वतःचाच गळा पाहिला. डॉक्टर मंडळींना याची अधूनमधून आठवण करून द्यायला मला आवडतं.)

आता स्वर वर कसा चढतो ते बघा. घडीच्या आतला स्नायू आकसला की घडी आखूड आणि जाड होते. आपला बोलण्याचा, छातीत घुमणारा आवाज तो. बाहेरचा दुसरा स्नायू घडीला पुढे-मागे ताणतो, तेव्हा ती लांब आणि पातळ होते आणि स्वर चढतो. मध्य सप्तकात दोघांची भागीदारी असते. तार षड्जाकडे जाताना पहिल्याने हळूहळू सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं, अशी अदलाबदल व्हायला हवी. तुमच्याकडे बहुधा पहिला सोडतच नाही. जाड घडी तशीच वर ओढली जाते, ती हलावी म्हणून हवेचा जोर वाढतो, तो जोर अडवायला घडी आणखी घट्ट मिटते, आणि मदतीला गिळण्याचे स्नायू धावून येतात. तो जो आवळल्याचा भास होतो ना, तो त्यांचा. खात्री करायची तर कंठमण्यावर हलकं बोट ठेवून एकदा आवंढा गिळा, तो किती वर जातो ते बघा. मग सा ते तार सा मींड घ्या, म्हणजे स्वर न तोडता घसरत वर जा. थोडासा वर गेला तर चालेल. गिळताना जातो तितका हनुवटीखाली गेला तर रोग सापडला.

मग खर्जाचं काय? गुरुजी चुकीचं सांगत नाहीत, पण खर्ज ज्यासाठी आहे ते काम वेगळं आहे. मंद्रात घडी सैल, जाड आणि संथ असते. तिथे कमी हवेत, न दाबता, स्वर स्थिर ठेवायची सवय लागते. पहाटेच का, तर रात्रभराच्या झोपेनंतर घड्यांवर किंचित सूज असते, त्यामुळे खालचे स्वर तेव्हा सहज लागतात. जुन्या लोकांनी कारण न सांगता वेळ मात्र अचूक पकडली होती. पण स्नायू जे काम करतो तेच शिकतो. उतारावर चालून चढ चढायचा दम येत नाही. तासभर खर्ज दाबून लावलात, बायकांच्या गळ्याला न पेलणारा मंद्र षड्ज ओढूनताणून काढलात, तर तुम्ही त्याच जाड घडीला आणखी तालीम देताय, जी वर गेल्यावर सोडत नाही. पंधरा-वीस मिनिटं, मंद्र पंचमापर्यंत, तंबोऱ्यापेक्षा हळू आवाजात. बस.

‘पोटातून गा’ बद्दल मात्र माझा राग आहे. पोटात हवा जात नाही. श्वासपटल हा श्वास आत घेण्याचा स्नायू आहे, तो स्वर बाहेर ढकलत नाही. छाती पूर्ण भरली की फुगलेल्या फुग्यासारखी ती आपणहून मिटू पाहते, आणि तो दाब गाण्याला लागणाऱ्या दाबापेक्षा बरेचदा जास्तच असतो. म्हणून सुरुवातीला हवा ढकलायची नसते, बरगड्या फुललेल्या ठेवून तिला अडवायची असते. ढकलायची वेळ येते ती श्वास संपत आल्यावर. ‘पोटातून’ म्हणणाऱ्या चांगल्या शिक्षकाला खांदे उचलू नका, बरगड्या कोसळू देऊ नका, एवढंच म्हणायचं असतं. व्हिडिओ बघून शिकणारी मुलं मात्र पोट आत मारून स्वर फेकतात, आणि तार सप्तकात नेमकं तेच अंगाशी येतं.

हवा किती हे महत्त्वाचं असतं तर कुमार गंधर्व परत उभे राहिले नसते. १९४७च्या सुमारास क्षयाने गाठलं, एक फुफ्फुस जवळपास कामातून गेलं, काही वर्षं गाणं पूर्ण बंद. १९५०च्या दशकात ते परत गाऊ लागले तेव्हाचा त्यांचा तार सप्तक ऐका. छोट्या-छोट्या फेकी, मध्ये श्वास, आणि स्वर बाणासारखा. हवा कमी, पण वाया शून्य.

आता जे कुणी सहसा सांगत नाही ते. तुमची निम्मी अडचण गळ्यात नसून तोंडात असण्याची शक्यता आहे.

गळ्यात तयार होतो तो नुसता घरघरता कच्चा आवाज. घशापासून ओठांपर्यंतची पोकळी त्यातले काही अंश उचलून मोठे करते. पोकळीचा आकार बदलला की उचलले जाणारे अंश बदलतात, म्हणूनच आपल्याला आ, ई, ऊ वेगळे ऐकू येतात. ‘आ’ म्हणताना पोकळीचा सर्वांत खालचा ठोका (म्हणजे ती जिथे जास्त घुमते ती जागा) सातशे-आठशे हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, घरात असतो, जबडा उघडाल तसा आणखी वर. ‘ई’ आणि ‘ऊ’ ला तो फार खाली, साडेतीनशेच्या आसपास. तुमचा तार षड्ज आहे ४६६, तार गंधार ५८७. म्हणजे ‘आ’वर गाताना पोकळीचा ठोका तुमच्या स्वराच्या वर असतो आणि स्वराला हात देतो. शुद्ध ‘ई’वर मात्र तुमचा मूळ स्वरच त्या ठोक्याला ओलांडून वर गेलेला असतो. आधार नाही, स्वर बारीक वाटतो, आणि मग माणूस काय करतो? जोर लावतो. आवळलं.

आपल्याकडे तान (स्वरांची वेगवान साखळी) आकारात, म्हणजे ‘आ’ उच्चारून, शिकवतात, बंदिशीतला ‘पिया’ तार षड्जावर गेला की मुरलेले गायक त्याचा ‘पिये’ किंवा ‘पिया’तला आ लांबवतात, ते शब्द खाल्ले म्हणून नाही. ऑपेरातल्या वरच्या पट्टीच्या बायका याचं टोक गाठतात. स्वर चढेल तसा जबडा उघडत नेतात, आणि शेवटी कुठला शब्द ते कळेनासं होतं. आपल्याला तेवढं करायचं नाही. ‘ई’ मध्ये थोडा ‘ए’ मिसळायचा, ‘ऊ’ मध्ये थोडा ‘ओ’. आरशात बघून करा. जबडा बोटभर जास्त उघडला तरी चालतं, हनुवटी मात्र वर उचलायची नाही.

ऑपेराचा विषय निघालाच आहे तर सांगते. स्टॉकहोमचे आवाजाचे अभ्यासक योहान सुंदबर्ग यांनी दाखवलं की ते पुरुष गायक स्वरयंत्रावरची पोकळी अशी घडवतात की ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला एक धार येते. ऑर्केस्ट्राचा जोर त्या भागात कमी पडतो, म्हणून माईकशिवाय माणूस ऐकू येतो. उत्तम तंत्र, पण उत्तर ज्या अडचणीचं आहे ती आपली नाही. आपल्याभोवती साठ वाद्यं नाहीत, तंबोरा आहे आणि समोर माईक. त्यामुळे त्या व्हिडिओंमधली सगळी ‘प्लेसमेंट’ (आवाज अमुक ठिकाणी घुमवा, असं सांगणं) उचलू नका.

उचलण्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे स्ट्रॉ. ओठ अर्धवट बंद ठेवून आवाज काढला की तोंडातला दाब मागे फिरून घड्यांना हलकेच सुटं ठेवतो. कमी जोरात कंपन होतं आणि आपट कमी बसते. आवाजाचे संशोधक इंगो टिट्झे यांनी यावर खूप काम केलंय. ओंकारातला लांबवलेला ‘म्’ त्याच जातीचा आहे. तुम्ही असं करा: साधी कागदी स्ट्रॉ ग्लासातल्या पाण्यात दोन-तीन सेंटीमीटर बुडवा, आणि स्ट्रॉमधून ‘ऊ’ काढत तार पंचमाच्या आसपास हलक्या, अगदी लहान मुलीसारख्या आवाजात सुरू करून मींडेने खाली मध्य षड्जावर या. वरून खाली, हे महत्त्वाचं. खालून चढलात की जाडपणा सोबत येतो, वरून उतरलात की पातळपणा सोबत येतो. पाच मिनिटं हे, मग तीच मींड आकारात, मग राग. पहिले काही आठवडे तार षड्ज पोकळ, कच्चा वाटेल. वाटू द्या. आधी स्वर पातळ लागू द्या, मग हळूहळू त्यात जवारी, म्हणजे भरीव झणकार, भरा. तंबोऱ्याची जवारी जशी दोऱ्याच्या केसभर सरकण्याने खुलते तशीच ही, घड्या नीट पण हलक्या मिटल्या की येते. दाबून आणलेली जवारी म्हणजे खरखर.

आता माझं. चोविसाव्या वर्षी एका शाळेत संगीत शिकवत होते, साठ मुलांचा वर्ग, पंख्यांचा आवाज, आणि संध्याकाळी स्पर्धेचा रियाज. आवाज बसला तर ‘गळा तापतोय, तयार होतोय, थांबू नकोस’ असं मला सांगण्यात आलं, आणि मी थांबले नाही. चार महिन्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून दाखवलं, दोन्ही घड्यांवर समोरासमोर गाठी. त्या बरोबर तिथेच येतात जिथे आपट सर्वांत जास्त बसते, पुढून एक तृतीयांश अंतरावर. ऑपरेशन झालं नाही. स्पीच थेरपी, शाळा सोडणं आणि बोलण्याची सवय बदलणं यांनी त्या गेल्या. गाण्यापेक्षा बोलण्यानेच माझं जास्त नुकसान झालं होतं, हे मला तिथे कळलं. म्हणून विचारते, तुमचं काम दिवसभर बोलण्याचं आहे का? आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, किंवा पूर्वी लागणारा हलका वरचा स्वर अचानक नाहीसा झाला, तर रियाज नव्हे, तपासणी.

घरगुती उपायांचं एका दमात सांगते. गरम पाणी स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेत जातं. लागलं तर ठसका लागेल. पाण्याचा फायदा अंगातून फिरून तासांनी होतो, तेव्हा मैफलीआधी घटाघट पिऊन उपयोग नाही, दिवसभर प्या. वाफ मात्र थेट पोचते. ज्येष्ठमध, खडीसाखर यांनी लाळ सुटते, बरं वाटतं, घ्या खुशाल. लोणच्याला घाबरू नका, रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवं होण्याला घाबरा. पोटातलं आम्ल वर येऊन घड्यांना लागतं. आणि ते सारखं घसा खाकरणं बंद करा, आवंढा गिळा.

गुरुजींना यातलं काही ऐकवायला जाऊ नका, नुसती स्ट्रॉची पाच मिनिटं रियाजाआधी घरी करा आणि महिन्याने त्यांनाच फरक ऐकू येतोय का बघा. आणि मला एक कळवा, तार गंधाराला ओरडल्यासारखं होतं ते आकारातही होतं की फक्त बंदिशीच्या शब्दांवर? शब्दांवर असेल तर तिथे कुठला स्वरवर्ण येतो तेही लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.