हवालदाराचं शूटिंग केलं म्हणून त्याने मोबाईल हिसकावून व्हिडिओ डिलीट केला. सिक्रेट्स ॲक्ट लागतो का?

आधी फोन उघडा आणि गॅलरीतलं 'ट्रॅश' किंवा 'रिसेंटली डिलीटेड' बघा. बहुतेक फोनमध्ये उडवलेला व्हिडिओ महिनाभर तिथेच पडून असतो. सापडला तर रिस्टोअर करा. कापाकापी करू नका, गाणं चढवू नका. का ते पुढे येईल.

आता प्रश्नाकडे. सिग्नलवर हवालदार तुमच्या भावाला अर्वाच्य बोलत होता, तुम्ही बाजूला उभं राहून शूट केलं आणि त्याने 'ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट लावीन' म्हणत फोन ओढला. मी फौजदारी वकिली करतो. धमकी पोकळ होती. १९२३ चा तो कायदा हेरगिरीसाठी आहे आणि त्यात 'प्रतिबंधित ठिकाण' कशाला म्हणायचं याची व्याख्या दिली आहे. तिच्यात पोलीस ठाणं बसत नाही. वर्ध्यात ठाण्याच्या आत शेजाऱ्याशी असलेल्या भांडणाची बोलाचाली मोबाईलवर टिपणाऱ्या माणसावर हाच कायदा लावला होता. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. २०२४ मध्ये पाथर्डी ठाण्यातल्या रेकॉर्डिंगबद्दल औरंगाबाद खंडपीठानेही तोच निकाल दिला. ठाण्याच्या आत जो कायदा लागत नाही तो भर चौकात कुठून लागणार?

मात्र पाथर्डीच्या प्रकरणात रद्द झाला तो फक्त सिक्रेट्स ॲक्टचा भाग, हे लक्षात असू द्या. शूटिंगवरून सुरू झालेल्या वादात माणूस अडकतो तो बहुधा दुसऱ्याच कलमात. आपल्याकडे ज्याला सगळे 'तीनशे त्रेपन्न' म्हणतात, ते जुन्या दंड संहितेचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ आहे: सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. महाराष्ट्राने मध्यंतरी त्याची शिक्षा पाच वर्षांवर नेली होती, नव्या संहितेत ती परत दोन वर्षं झाली, पण गुन्हा आजही दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. फिर्यादीची भाषा ठरलेली असते: 'अंगावर धावून आला, गणवेशाची कॉलर धरली, शासकीय कामात अडथळा आणला.' हवालदाराने फोन ओढला, तुम्ही परत ओढलात, त्यात त्याचं बटण तुटलं की झालं, कॉलर धरल्याचा पुरावा तयार. म्हणून फोन ओढला तर हात मागे घ्या. फोन गेला तरी चालेल, झटापट नको.

चार-पाच पावलं लांब उभे राहा, कॅमेरा छातीशी धरा आणि स्वतः गप्प राहा. नेमप्लेट, गाडीचा नंबर, आजूबाजूची पाटी एकदा फ्रेममध्ये येऊ द्या. 'साहेब, आता बघतोच तुमच्याकडे' असलं काही बोललात की तेही रेकॉर्ड होतं आणि सरकारी वकील नेमकं तेवढंच वाजवून दाखवतात. 'मागे सरका' म्हटलं तर सरका, शूटिंग चालू ठेवून. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ प्रमाणे पोलिसांच्या वाजवी सूचना पाळणं बंधनकारक आहे आणि दहा फूट मागे जा ही सूचना कुठलंही कोर्ट वाजवीच मानेल. समोर अत्याचारपीडित बाई किंवा लहान मूल असेल तर चेहरा टिपू नका; पीडितेची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे.

फोन तपासासाठी जप्त करता येतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली. पण मग तो गुन्ह्याशी संबंधित असल्याचा संशय हवा, पंचनामा हवा, मॅजिस्ट्रेटला कळवायला हवं. गंमत म्हणजे कलम १०५ प्रमाणे त्या जप्तीचं चित्रीकरण खुद्द पोलिसांनीच करायचं असतं. उभ्या उभ्या फोन खिशात घालणं ही जप्ती नव्हे. आणि व्हिडिओ डिलीट करण्याचा अधिकार देणारं कलम मला तरी कुठे सापडलेलं नाही.

मूळ फाईल जपा म्हटलं ते यासाठी: नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे बोटाच्या ठशासारखा तिचा ओळख-कोड, लिहायची असते. व्हॉट्सॲपवरून फिरलेला व्हिडिओ कॉम्प्रेस होऊन लहान होतो, त्याची हॅश मूळ फाईलशी जुळत नाही.

तक्रार पोलीस अधीक्षकांकडे करा, शहरात असाल तर आयुक्तालयात. तारीख, वेळ, चौक, दिसला असेल तर नाव किंवा बक्कल नंबर, एवढं एका पानात मावतं. चौकातल्या सीसीटीव्हीचं फुटेज राखून ठेवावं ही मागणी त्याच अर्जात घाला, कारण ते पुसलं गेलं की माहिती अधिकारात 'उपलब्ध नाही' एवढंच उत्तर येतं. भावाला ठाण्यातही नेलं असेल तर तिथलंही मागा. ठाण्यातलं फुटेज अगदी कमीत कमी वर्षभर ठेवायचं असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. मारहाण किंवा बेकायदा अटक झाली असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचा दरवाजाही आहे. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.