लेसिक म्हणजे नक्की काय? ‘लेझर केलं’ म्हटलं तर चालत नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ताईचा मायनस पाचचा चष्मा गेला. ती म्हणते ‘लेझर केलं’, तिच्या फाइलवर ‘लेसिक’ लिहिलंय, आणि आईलाही मोतीबिंदूनंतर ‘लेझर’ मारलं होतं. हे सगळं एकच का, आणि लेसिकला मराठीत काय म्हणायचं?

एकच नाही. मी डॉक्टर नाही, डोळे तपासून चष्मे बनवून देतो, पण हा घोळ काउंटरवर रोज बघतो. ‘माझं लेझर झालंय’ म्हणणाऱ्याला जरा खोदून विचारलं की कळतं, एकाचा नंबर घालवलेला असतो. दुसऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगामागची पिशवी धुरकट झालेली असते आणि तिला लेझरने खिडकी पाडलेली असते (तुमच्या आईचं बहुतेक हेच). तिसऱ्याचा डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) मधुमेहाने खराब होत असतो, म्हणून त्यावर लेझर मारलेलं असतं. लेझर हे हत्यार झालं. ‘सुरी झाली’ म्हटल्यावर कांदा चिरला की कलिंगड, ते कसं कळणार?

लेसिक हे आद्याक्षरांचं नाव आहे: लेझर असिस्टेड इन सिटू केराटोमिल्युसिस. यातला कामाचा शब्द शेवटचा. ग्रीकमध्ये ‘केरास’ म्हणजे शिंग, त्यावरून डोळ्याचं पुढचं पारदर्शक पटल, ज्याला आपण पारपटल किंवा ढोबळमानाने बुबुळ म्हणतो. (नेत्रदानात बहुतेक वेळा वापरतात ते हेच.) आणि ‘मिल्युसिस’ म्हणजे कोरणं, छिन्नीने आकार देणं. थोडक्यात, पारपटल कोरून त्याचा बाक बदलायचा. मायनस नंबर असेल तर मधला भाग थोडा सपाट करायचा, म्हणजे लांबचं चित्र पडद्याच्या अलीकडे न पडता नेमकं पडद्यावर पडतं.

हा शब्द लेझरच्या आधीचा आहे, आणि मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. होसे इग्नासिओ बाराकेर नावाचे स्पॅनिश डॉक्टर, पुढे ते कोलंबियात बोगोटाला काम करत. त्यांनी 1949 मध्ये ही कल्पना मांडली. पारपटलाची पातळ चकती कापून बाहेर काढायची, गोठवायची, लेथवर चक्क तासायची आणि परत बसवायची! भिंगं घासणाऱ्या माणसाला हे वाचून हसू येतं, कारण आम्ही काचेचं करतो तेच त्यांनी डोळ्याचं केलं. पुढे चकती बाहेर नेण्याऐवजी डोळ्यावरच कोरायचं ठरलं. ‘इन सिटू’ म्हणजे जागच्या जागी, ते यामुळे.

लेझर आलं त्यानंतर. 1981 मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन (जन्म मद्रासचा) आणि त्यांचे दोन सहकारी एक्सायमर लेझर तपासत होते. सणाच्या जेवणातला उरलेला टर्की पक्षी श्रीनिवासन यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्याच्यावर लेझर मारून पाहिलं. कापलेल्या जागेच्या कडा भाजल्या नव्हत्या. हा 193 नॅनोमीटरचा अतिनील किरण पेशींमधले रासायनिक बंध तोडतो, आजूबाजूचं जाळत नाही. ‘लेझरने डोळा जाळतात’ ही भीती म्हणून चुकीची आहे. पुढे ग्रीसमध्ये क्रीट बेटावर डॉ. पालिकारिस यांनी पापुद्रा आणि लेझर एकत्र आणले आणि ‘लेसिक’ हे नावही त्यांचंच.

पापुद्रा हीच लेसिकची खूण. पारपटलाचा वरचा साधारण 100–120 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर एका बाजूला चिकटलेला ठेवून पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा, खालचा भाग लेझरने कोरायचा, पान परत मिटायचं. टाके लागत नाहीत. पापुद्रा न करता वरची त्वचा खरवडून थेट कोरलं तर ते पीआरके. पापुद्र्याऐवजी छोट्या छेदातून आतली पातळ चकती ओढून काढली तर ते स्माइल. ही दोन्ही नंबर घालवण्याचीच ऑपरेशनं, पण लेसिक नव्हेत. फाइलवर जे लिहिलंय तेच नाव वापरा.

थोडा हिशेब सांगतो, म्हणजे डॉक्टर काही जणांना ‘नाही’ का म्हणतात ते कळेल. पारपटल मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन जाड असतं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. एका नंबरला अंदाजे 12 ते 15 मायक्रॉन कोरावे लागतात. ताईच्या पाच नंबरला 60 ते 75, म्हणजे जेमतेम एका केसाची जाडी. पण पापुद्र्याखाली पुरेसा थर उरलाच पाहिजे (250 मायक्रॉनच्या खाली जायचं नाही, हा जुना दंडक), नाहीतर पटल पुढे फुगत जातं. म्हणून आधी जाडी आणि आकार मोजतात आणि नंबर वर्षभर स्थिर आहे का ते बघतात. ऑपरेशननंतर काही महिने डोळे कोरडे पडणं, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं, हे बरेच जण सांगतात. आणि चाळिशीचा वाचायचा चष्मा लेसिकने टळत नाही. तो दोष आतल्या भिंगाचा.

मराठी प्रतिशब्द? ‘चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन’ हे सगळ्यांना कळतं, पण त्यात पीआरके आणि स्माइलही आली. लेसिकला लेसिकच म्हणा. लॅसिक, लासिक असंही लिहितात, हरकत नाही. लिंग नपुंसक: ‘तिचं लेसिक झालंय.’

आता, नेमकं नाव कशाला हवं? एक मावशी गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या तपासणीला गेल्या. तिथे ‘आधी काही ऑपरेशन?’ विचारल्यावर म्हणाल्या, ‘लेझर झालंय हो कधीतरी.’ लिहून घेणाऱ्याने ते पडद्याचं समजून सोडून दिलं. पण कोरलेल्या पारपटलावर नेहमीचं मोजमाप फसतं, मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवायचं भिंग नेहमीच्या सूत्राने कमी पॉवरचं निघतं आणि मायनसवाल्या माणसाला ऑपरेशननंतर प्लसचा चष्मा लागतो. सुदैवाने मोठ्या डॉक्टरांना आकडे बघून शंका आली. लेसिकच्या आधीचा नंबर किती होता, त्यांनी विचारलं. वीस वर्षांपूर्वीची फाइल कुठली सापडायला! शेवटी मावशींनी ट्रंकेतून एका काडीचा जुना चष्मा शोधून माझ्याकडे आणला. मशीनवर लावला, उजवा मायनस सात, डावा साडेसहा. चिठ्ठीवर लिहून दिलं, त्या तशाच रिक्षाने दवाखान्यात गेल्या.