गोळ्या की समुपदेशन? जिंतूरहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

तुम्ही लिहिले आहे की, सलग दोन हंगाम सोयाबीन हातचे गेल्यापासून थोरल्या भावाला झोप नाही, काही गोड लागत नाही आणि ते घराबाहेर पडत नाहीत. डॉक्टरांच्या गोळ्या ‘गुण येईना’ म्हणून दहा दिवसांत बंद केल्या, आणि आता गोळ्या चांगल्या की समुपदेशन यावर घरात वाद आहे. मी डॉक्टर नाही. धाकट्या भावाच्या द्विध्रुवीय विकारात, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद अशा आलटून पालटून येणाऱ्या आजारात, अठरा वर्षे सोबत राहून जे कळले ते लिहिते.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दहा दिवसांत सहसा दिसत नाही. दोन ते चार आठवड्यांनी फरक जाणवू लागतो, पुरता अंदाज यायला सहा आठवडेही लागतात, आणि मळमळ, बेचैनी हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतात. त्रास आधी आणि गुण मागाहून, म्हणून आपल्याकडे अर्धे पाकीट कपाटात पडून राहते. डॉक्टरांना दहा दिवसांचा हा खंड न लपवता सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने गोळ्या पुन्हा सुरू करा. बरे वाटू लागल्यावरही त्या काही महिने घ्याव्या लागतात, नाहीतर आजार उलटतो.

समुपदेशनाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेली विचार तपासण्याची पद्धत आणि अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, जी कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांच्या ओळखीची झाली, या दोन्हींचा नैराश्यात खरोखर उपयोग होतो. शिकलेले कौशल्य उपचार संपल्यावरही माणसाजवळ राहते. पण ‘माझ्याच्याने काहीच होत नाही’ हा विचार तपासता येतो. ‘सोसायटीचे कर्ज थकले आहे’ यात तपासण्यासारखे काही नसते, ते खरेच असते. समोरच्याच्या खऱ्या अडचणीला विचारातला दोष ठरवले की तो पुन्हा येत नाही, आणि त्यात त्याची चूक नसते. कर्जाचा हिशेब, पीकविम्याचा अर्ज ही कामे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी हाती घ्यावीत; तोही उपचाराचाच भाग आहे. शिवाय दर आठवड्याला एक याप्रमाणे बारा ते वीस बैठका म्हणजे तितकी एसटीची तिकिटे आणि तितके बुडालेले रोज.

म्हणून सुरुवात विचारांपासून न करता कृतीपासून करावी, असे माझे मत आहे. माझा भाऊ नैराश्याच्या फेऱ्यात असताना समुपदेशक बाईंनी वहीत तीन रकाने आखून दिले होते: काय केले, किती वाजता, आणि मनाला किती बरे वाटले, दहापैकी. पहिल्या आठवड्यात एकच ओळ होती: ‘म्हशीला पाणी दाखवले, ७ वाजता, २’. महिनाभराने पान भरू लागले.

त्याच भावाला उन्मादाचा झटका आला, रात्री वीज नसतानाही तो मोटार चालू करायला विहिरीवर निघाला, तेव्हा बोलण्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. तिथे लिथियमच कामी आले, ज्याचा उन्मादावरचा गुण जॉन केड यांनी १९४९ साली मांडला. पण तेही डोळे झाकून घेण्याचे औषध नव्हे: रक्तातले प्रमाण, थायरॉइड आणि मूत्रपिंड वेळोवेळी तपासावे लागते. मे महिन्यात शेतात घाम गाळून तो घरी आला, तेव्हा हात इतके थरथरत होते की चहा बशीत सांडला. शरीरातले पाणी कमी झाले की लिथियमचे प्रमाण वाढते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला, म्हणजे सगळी मराठवाड्याबाहेर आहेत. पण तुमच्या भावासाठी तितक्या लांब जाण्याची गरज दिसत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा, पुढे गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीत, विनामूल्य बोलता येते.

दोन गोष्टी आजच करा. फवारणीची औषधे घरातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात ठेवा, आणि ‘जिवाचे काही करावेसे वाटते का’ हे भावाला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आले तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. शिवाय पूर्वी कधी चार-आठ दिवस झोपेविना, भरमसाट बोलण्याचे आणि उधळपट्टीचे गेले होते का, हे आईला विचारून डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण तसे असेल तर नुसत्या नैराश्याच्या गोळीने उन्माद चाळवू शकतो आणि औषधे वेगळी ठरवावी लागतात.